औंधच्या राजाचं दहा वर्षांचं शेड्यूल

पेणला असो की रोह्याला, जिममध्ये नवीन मुलगा आला की त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो, शेड्यूल कोणतं करतोस? मग कुणी सांगतं, सोमवारी चेस्ट-ट्रायसेप, मंगळवारी बॅक-बायसेप. कुणी मोबाइल काढून एखाद्या बॉडीबिल्डरचं रील दाखवतं. पुढच्या महिन्यात दुसरं रील येतं आणि शेड्यूलही बदलतं. सहा महिन्यांनी बघावं तर टी-शर्ट तसाच सैल, आणि दोष मात्र प्रोटीनच्या डब्याला.

आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, त्यांनी डंबेल्सचं एकच शेड्यूल दहा वर्षं केलं. तेही १८९७ पासून, म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात. हे होते भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, औंधचे राजे. औंध म्हणजे पुण्यातलं, आयटी कंपन्या आणि मॉलवालं औंध नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं औंध. शाळेच्या मैदानावर आपण सगळ्यांनी रांगेत उभं राहून सूर्यनमस्कार घातलेत. ही मोजून, ओळीने घालायची पद्धत घराघरांत आणि शाळाशाळांत पोचवण्यात या राजाचा वाटा फार मोठा. पण त्याआधी हा माणूस पक्का डंबेल्सवाला होता, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

जोर, बैठका आणि बी. ए.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. छत्रपतींच्या काळापासून घराण्याकडे प्रतिनिधीपद होतं, त्यावरून पंतप्रतिनिधी हे नाव. वडील श्रीनिवासराव औंधच्या गादीवर होते. त्या काळच्या संस्थानी घरात मुलाने अभ्यासाबरोबर अंगमेहनत करायची हे गृहीतच असायचं. जोर, बैठका, कुस्ती हे सगळं भवानरावांनी लहानपणी केलं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी. ए. झाले. चित्रं काढायचा नाद होता, कीर्तनाची आवड होती. जिम आणि अभ्यास यांतलं एकच जमतं असं घरी सांगणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

तालमीचंही एक शेड्यूल असतं, फक्त ते कागदावर लिहिलेलं नसतं. नवीन पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी शंभर जोर मारायला लावत नाही. थोडक्यावर थांबवतो, अंग मोकळं झालं की आकडा वाढवतो. मुद्गल फिरवायचा तर आधी हलका, मग जड. खुराक ठरलेला, झोप ठरलेली. मेहनत किती करायची आणि कधी वाढवायची, हे सगळं वस्तादाच्या डोक्यात. अडचण एकच. वस्ताद नसला की शेड्यूलही नाही.

नेमकी हीच अडचण त्या काळात सातासमुद्रापलीकडच्या एका माणसाने सोडवली होती, आणि त्यातून भरपूर पैसाही कमावला होता.

टपालाने शिकवणारा वस्ताद

त्याचं नाव युजेन सँडो. जन्म १८६७ चा, तेव्हाच्या प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरात. मूळ नाव फ्रिड्रिश म्युलर. लंडनच्या रंगमंचावर ताकदीचे खेळ करून त्याने नाव कमावलं आणि १८९३ मध्ये शिकागोचं जागतिक प्रदर्शन भरलं होतं तेव्हा तिथलं पब्लिकही वेडं केलं. त्याच्याआधीचे पहिलवान लोकांना वजन उचलून दाखवायचे. सँडो वजन उचलायचाच, पण त्याहून जास्त वेळ तो नुसता उभा राहून शरीर दाखवायचा. पोझिंग हा प्रकार तिथून लोकप्रिय झाला. आज मिस्टर ऑलिंपिया जिंकणाऱ्याच्या हातात जो पुतळा असतो, तो सँडोचाच.

१८९७ मध्ये त्याचं ताकद कशी कमवावी हे सांगणारं पुस्तक आलं. त्यात तक्ते होते. वय इतकं असेल तर डंबेल इतक्या पौंडांचा, पहिल्या व्यायामाचे रेप्स इतके, दुसऱ्याचे इतके, आणि ठराविक दिवसांनी आकडा इतक्याने वाढवा. जोडीला शरीराची मापं घ्यायची सवय. छाती, दंड, मांडी, पोटरी, सगळं टेपने मोजायचं आणि लिहून ठेवायचं. टपालाने मार्गदर्शन, मासिक, स्वतःच्या नावाचे डंबेल्स, हे सगळं त्याने उभं केलं. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठव स्पर्धा घेतली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल होता. १९०४-०५ च्या दौऱ्यात सँडो भारतातही येऊन गेला. आजच्या भाषेत सांगायचं तर फिटनेस इन्फ्लुएन्सर, ऑनलाइन कोच आणि ब्रँड, तिन्ही एकाच माणसात.

त्याच १८९७ मध्ये, एकोणतिशीकडे निघालेल्या भवानरावांनी सँडोची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं विकत घेतली आणि त्यात सांगितल्याप्रमाणे रोजचा व्यायाम सुरू केला. तेव्हा ते राजे झालेले नव्हते. पुढची सुमारे दहा वर्षं त्यांनी तो नियमाने चालू ठेवला. दहा वर्षं! आपल्यापैकी किती जणांनी एक शेड्यूल दहा आठवडे तरी पूर्ण केलंय, हे ज्याने त्याने मनात मोजावं.

सव्वादोन किलोची मर्यादा

सँडोच्या पद्धतीत एक गंमत होती. मोठ्या माणसासाठी त्याचा नेहमीचा डंबेल पाच पौंडांचा, म्हणजे जेमतेम सव्वादोन किलोचा. हलका डंबेल, मन पूर्ण स्नायूवर, आणि रेप्स भरपूर. पण सँडोचं स्वतःचं शरीर काही सव्वादोन किलोने घडलेलं नव्हतं. तो रंगमंचावर भली मोठी वजनं पेलायचा आणि त्याची तयारीही तशीच होती. स्वतः जड उचलायचं आणि गिऱ्हाइकाला हलकं विकायचं, हा धंदा आजचा नाही.

हलक्या डंबेलने काही होतच नाही असं नाही. नवख्याचं अंग सुरुवातीला कशालाही साथ देतं. पण शरीर हुशार असतं, दिलेल्या ओझ्याची त्याला सवय होते. तेच ओझं घेऊन रेप्स पन्नासच्या पुढे नेले की दम वाढतो, पण ताकद आणि मसल वाढायचा वेग मंदावतो. सँडोलाही हे कळत असणार. त्याने पुढे स्प्रिंगवाले डंबेल्स विकले. मुठीत दाबायचे, आणि स्प्रिंगा वाढवल्या की जोर जास्त लागायचा.

या गोष्टीची नीट मांडणी व्हायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं. अमेरिकन लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म जखमी सैनिकांचे दुबळे झालेले पाय पुन्हा उभे करत होते. त्यांनी हलका व्यायाम आणि पुष्कळ रेप्स ही चाल सोडली. रुग्ण जेमतेम दहा वेळा उचलू शकेल असं वजन शोधायचं, त्यावर काम करायचं, आणि ते सोपं झालं की वजन वाढवायचं. १९४५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे त्यांनी तीन सेटची रीत घालून दिली. पहिला त्या वजनाच्या निम्म्यावर, दुसरा पाऊण वजनावर, तिसरा पूर्ण वजनावर, प्रत्येकी दहा रेप्स. आपल्या जिममध्ये ट्रेनर डोळे मिटून तीन सेट, दहा रेप्स असं सांगतो ना, त्याचं एक मूळ इथे आहे.

भवानराव डंबेल्स करत होते तेव्हा हे कुणी लिहिलेलं नव्हतं. तरी त्यांच्या हातात दोन गोष्टी होत्या, लिहिलेला तक्ता आणि तो पाळायची चिकाटी.

राजा शेड्यूल बदलतो

१९०८ च्या सुमारास मिरजेच्या राजांनी त्यांना सूर्यनमस्कार करून बघायला सांगितलं. मिरजकर स्वतः बरीच वर्षं ते घालत होते. भवानरावांनी मनावर घेतलं आणि मग ते कायमचे नमस्कारांकडे वळले.

पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, ते औंधच्या गादीवर आले. संस्थान छोटं, एकूण ७२ गावांचं, तेही सलग नाही, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. आटपाडीसारखा भाग तर दुष्काळी. पैसा बेताचा. अशा ठिकाणी प्रजेची तब्येत सुधारायची तर काय करणार? प्रत्येक शाळेला इंग्लंडचे डंबेल्स घेऊन देणार? नमस्काराला काही लागत नाही. सहा-सात फूट जागा पुरते, जोडीदार नको, साधन नको, वस्तादही रोज नको. मुलगा, मुलगी, म्हातारा, कुणीही करावा. पुढे त्यांच्या पुस्तकात हाच मुद्दा पुन्हा पुन्हा येतो.

इथे आपल्यासाठी खरी शिकवण आहे. आधी प्रश्न होता एका तरुण राजपुत्राच्या शरीराचा. तेव्हा डंबेल्स चालले. मग प्रश्न आला सगळ्या संस्थानाच्या तब्येतीचा. ध्येय बदललं, म्हणून शेड्यूल बदललं, कंटाळा आला म्हणून नाही.

आणि बदलताना त्यांनी सँडोकडे असलेली शिस्त टाकून दिली नाही. दहा स्थितींचा क्रम पक्का केला. कोणत्या स्थितीत हात कुठे, गुडघा कुठे, श्वास कधी, सगळं ठरवून दिलं. वयाप्रमाणे संख्या, आणि ती हळूहळू वाढवत न्यायची. मंत्र जुने, पण मांडणी एखाद्या व्यायामाच्या तक्त्यासारखी. संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे झाले. गदिमा, म्हणजे ग. दि. माडगूळकर, याच औंधच्या शाळेत शिकले.

त्यांच्या घरातल्या बायकाही नमस्कार घालायच्या. ज्या काळात बाईने व्यायाम करायचा म्हणजे भुवया उंचावायच्या, त्या काळात या राजाने स्त्रियांनी रोज नमस्कार घालावेत म्हणून लिहिलं, भाषणं केली. आजही आपल्या गावांत वजनांच्या रॅकपाशी मुली कमीच दिसतात, हे लक्षात घेतलं तर त्याची किंमत कळते.

सातारा ते लंडन

प्रचाराच्या बाबतीत ते सँडोचेच शिष्य म्हणायला हवेत. पुस्तकं लिहिली, फोटो छापले, तक्ते काढले, चित्रपटसुद्धा काढला. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा वय सत्तरीकडे झुकलेलं. तिथल्या न्यूज क्रॉनिकल या दैनिकाच्या पत्रकार लुईस मॉर्गन यांनी त्यांच्या व्यायामाबद्दल लिहिलं, आणि मॉर्गन यांच्याच संपादनाखाली १९३८ मध्ये राजांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. दहा स्थितींमुळे नावातही दहाचा आकडा, द टेन-पॉइंट वे टू हेल्थ. ज्या देशातून सँडोचा तक्ता औंधला आला होता, तिथे आता औंधचा तक्ता पोचला.

सगळंच मात्र डोक्यावर घ्यायचं कारण नाही. नमस्काराने जवळपास प्रत्येक आजार बरा होतो अशा थाटाचे दावे त्यांनी केले, ते आज टिकत नाहीत. शाळेतल्या सक्तीबद्दलही प्रश्न पडतो. पोरांना कुणी विचारलं होतं का? राजाची आवड म्हणजे हुकूम, हे त्यात होतंच.

मग मसलचं काय?

जिममधला मित्र विचारेल, नुसत्या नमस्काराने साइज येते का? खरं उत्तर असं, की एका मर्यादेपर्यंत येते. नमस्कारात जोर आहे, खांदे आणि दंड कामाला लागतात, पाठ-कंबर लवचिक होते, दम वाढतो. पण ओझं आपल्याच शरीराचं, आणि ते वाढत नाही. ओढायचा व्यायाम, म्हणजे पुलअप किंवा रोइंगसारखा, त्यात जवळजवळ नाहीच. मांड्यांना बैठकीइतकं काम नाही. म्हणजे सँडोच्या पाच पौंडी डंबेलची जी मर्यादा, तीच वेगळ्या रूपात इथे येते. संख्या वाढत राहते, ओझं तेवढंच राहतं.

दोन्हींची सांगड घालणारा माणूसही त्याच काळात होता. बंगळुरूचे के. व्ही. अय्यर बारबेलने शरीर कमवायचे आणि जोडीला सूर्यनमस्कार शिकवायचे. १९३० च्या दशकात त्यांनी दोन्हींवर पुस्तकं लिहिली. देशी की विदेशी, योगा की जिम, हे भांडण त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढलं होतं. आपण उगाच अजून भांडतोय.

राज्य हातातून सोडताना

भवानरावांच्या आयुष्यात व्यायामाखेरीजही खूप आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, तेव्हा त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जही दिलं. तीच पुढे किर्लोस्करवाडी. पंडित सातवळेकरांना औंधात आसरा दिला. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या कामाला लाखाची देणगी दिली. १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं. त्यात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही आहे.

आणि १९३९ मध्ये त्यांनी चक्क सत्ता सोडली. महात्मा गांधींच्या सल्ल्याने औंधसाठी राज्यघटना तयार झाली, गावांच्या पंचायतींच्या हाती कारभार गेला. मुलगा आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन या कामात पुढे होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली, कैद्यांना भिंतीशिवाय ठेवणारी. दो आँखें बारह हाथ हा व्ही. शांताराम यांचा सिनेमा तिच्यावरूनच सुचला, आणि त्याची कथा लिहिली औंधच्या शाळेत शिकलेल्या गदिमांनी.

शाळेत नमस्कारांची सक्ती करणारा आणि सत्ता लोकांच्या हाती देणारा, हा एकच माणूस. दोन्हीकडे त्यांचा हट्ट एकच दिसतो, लोकांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं. त्यासाठी हुकूम करावा की हक्क द्यावेत, याचं त्यांचं उत्तर वयाबरोबर बदलत गेलं असावं.

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ रोजी भवानराव गेले, वय ८२. आप्पासाहेब पुढे भारताचे राजदूत झाले आणि त्यांनीही सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिलं. वडिलांचं शेड्यूल मुलानेही चालू ठेवलं.

चौकट : तुमचा तक्ता तुम्हीच बनवा

आधी ध्येय लिहा. ताकद, साइज की नुसता फिटनेस? ताकद हवी तर जड वजन, ३ ते ६ रेप्स आणि सेटमध्ये मोठी विश्रांती. साइज हवी तर साधारण ८ ते १२ रेप्स. शेवटी एक-दोन रेप्सचाच जोर उरावा.

आठवड्यातून तीन दिवस पुरेत. प्रत्येक दिवशी पाय (स्क्वॉट किंवा बैठका), ढकलणं (बेंचप्रेस किंवा जोर), ओढणं (पुलअप किंवा रोइंग) आणि कमरेतून वाकून उचलणं (डेडलिफ्ट) यांचे तीन-तीन सेट. मध्ये एक दिवस आराम.

वाढवायचं कधी? तिन्ही सेटमध्ये १२ रेप्स नीट झाले की वजन अडीच किलोने वाढवा आणि पुन्हा ८ पासून सुरू करा. फॉर्म बिघडला तर वजन कमी करा, त्यात कमीपणा नाही.

जिमची फी परवडत नसेल तर नमस्काराने अंग गरम करा. मग जोर, बैठका आणि पुलअप. बैठकांना सॅकमध्ये पुस्तकं भरा, पुस्तकं वाढवत न्या. झालं ओझं.

प्रोटीन रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम. ६० किलोच्या मुलाला साधारण ९५ ग्रॅम. डबा घेण्याआधी घरचं ताट बघा. अंडी, मासे, सुकट, वालाचं बिरडं, डाळ, दूध, दही. आपल्या रायगडात कमी काय आहे?

झोप सात-आठ तास. दर महिन्याला टेपने माप, वहीत नोंद. जुनं दुखणं असेल तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि किमान बारा आठवडे शेड्यूल बदलू नका. दहा वर्षं नकोत, पण बारा आठवडे तरी.